मालकी रान आणि त्याची तोड



सातारा जिल्ह्यांतील पाटण किंवा जावळी तालुक्यांत, अथवा सांगली जिल्ह्यांतील शिराळा तालुक्यांत, एखाद्या कुटुंबाची डोंगरउतारावर पांच-दहा एकर वडिलार्जित जमीन असते. तिच्यांत नांगर चालत नाहीं. पण ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांचें रान उभें असतें. यालाच मालकी रान म्हणतात. घराचें आढें बदलावयाचें असतें, मुलीचें लग्न निघालेलें असतें, किंवा ठेकेदार दारांत येऊन किंमत बोलूं लागतो, आणि मग मालकापुढें तीन प्रश्न उभे राहतात. झाड खरोखर माझें आहे काय? माझें असल्यास कोणतें तोडावें आणि कोणतें राखावें? आणि तोडलेल्या लांकडाचें योग्य मोल पदरांत पडलें कीं नाहीं, हें कसें ओळखावें?

प्रश्न साधे दिसतात. पण गेल्या ३०० वर्षांत त्यांचीं उत्तरें अनेक वेळां बदललीं आहेत, आणि त्या बदलांच्या खुणा सह्याद्रीच्या उतारांवर उमटल्या आहेत. त्या बदलांचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम मुलुखाची ओळख करून घेऊं. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांचा मोठा भाग पूर्वीं एकाच सातारा जिल्ह्यांत होता. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे त्याचे दोन भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस महाबळेश्वरापासून कोयनेच्या खोऱ्यानें वारणेच्या उगमापर्यंत सह्याद्रीची रांग गेलेली आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण, आटपाडी, जत हा दुष्काळी टापू. तेथें पाऊस २० इंचांच्या आसपास. पश्चिमेच्या रानानें घरांना वासे व खांब पुरविले आणि शहरांना कोळसा पुरविला. पूर्वेकडे बाभळीनें नांगर, गाडी व चूल यांची गरज भागविली.

शेतांतील जोंधळा पेरणारा व कापणारा एकच असतो. झाडाचें तसें नाहीं. ऐनासारख्या झाडाला तुळईजोगा घेर येण्यास ६०-७० वर्षें सहज लागतात. म्हणजे रोप राखणारा एक, झाड सांभाळणारा दुसरा आणि तोडणारा तिसरा. म्हणून रानाची तोड नीट होणें हें कुऱ्हाडीच्या कसबापेक्षां एका भरंवशावर अधिक अवलंबून असतें. आज मीं उभें ठेवलेलें झाड उद्यां माझ्या मुलाबाळांच्या हातून कोणी काढून घेणार नाहीं, हा तो भरंवसा. तो जेव्हां जेव्हां डळमळला, तेव्हां तेव्हां झाड राखण्याचें कारणहि दुबळें झालें, असें हा इतिहास पाहतांना वाटूं लागतें.

या भरंवशाचें महत्त्व ज्यानें मराठी भाषेंत अत्यंत स्पष्टपणें मांडलें, तो पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत कारभारांत आलेला व पुढें राजाराममहाराजांच्या काळांत हुकुमतपन्हा झालेला हा मुत्सद्दी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यानें लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणांत लांकडाचा विषय येतो. गलबतांना तक्ते, सोट व डोलकाठ्या पाहिजेत आणि त्या थोर झाडांवांचून मिळत नाहींत, ही अडचण त्याच्यापुढें होती. त्यानें सांगितलेली व्यवस्था अशी: राज्याच्या अरण्यांतील साग वगैरे झाडें हुजूरची परवानगी घेऊन तोडावीं, त्यानें भागलें नाहीं तर परमुलुखांतून लांकूड विकत आणावें, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांनीं होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं बळानें नेलीं तर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तें तोडावें.

यांतील बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. राज्याला लांकडाची गरज नाहीं, असें अमात्य म्हणत नाहीं. आंब्या-फणसाचें लांकूड आरमाराला उपयोगी पडतें, हेंहि तो जाणून आहे. तरीसुद्धां त्यानें दोन अटी घातल्या: धन्याची संमति आणि धन्याला मोल. परवानगी, संमति व मोल या तीन शब्दांत तोडीच्या व्यवहाराचा सारा गाभा येऊन जातो.

याच सुमारास युरोपांतहि हा प्रश्न निराळ्या वाटेनें विचारांत आला होता. फ्रान्समध्यें कोलबेर या मंत्र्यानें १६६९ सालीं अरण्यांविषयीं मोठा हुकूमनामा काढला; त्यामागेंहि आरमाराची काळजी होती. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत चांदीच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यानें १७१३ सालीं वनविद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणींच्या भट्ट्यांना लांकूड अखंड पुरावयाचें असेल, तर रान जितकें वाढतें तितकेंच तोडलें पाहिजे, हें त्याच्या विचारांचें सार होतें. कार्लोविट्झनें रानाच्या वाढीचा हिशोब पाहिला, अमात्यानें झाड राखणाऱ्या माणसाचें मन पाहिलें. आपल्याकडे पुढें जें घडलें, त्यांत पहिल्या विचाराला शास्त्राचा मान मिळाला, आणि दुसरा विचार बराच काळ मागें पडला.

मराठेशाहींत झाडावरचा हक्क जमिनीबरोबर आपोआप येतो, असें धरून चालत नसत. इनामाच्या सनदांतून तो शब्दानें द्यावा लागे. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही शब्दांची माळ जुनीं कागदपत्रें चाळणाऱ्यांच्या परिचयाची आहे. पाणी, झाड, गवत, लांकूड, दगड, पुरलेलें द्रव्य हें सर्व धरून जमीन दिली, असा तिचा अर्थ. तरु व काष्ठ हे दोन शब्द तींत वेगळे आले आहेत. उभें झाड ही एक वस्तु आणि लांकूड ही दुसरी, याची जाणीव त्या काळच्या कारकुनाला होती. डोंगरांतील गांवांत याखेरीज रूढीचा कायदा चाले. कोयनेच्या खोऱ्यांत झाडझाडोरा तोडून, जाळून, राखेंत नाचणी-वरी पेरण्याची कुमरीची पद्धत होती. चार पिकें घेतल्यावर तो तुकडा पुष्कळ वर्षें पडीक टाकीत, आणि रान पुन्हां उभें राही. देवराईंत मात्र काटकीसुद्धां उचलावयाची नसे. तोडावयाचें रान, विसावा द्यावयाचें रान आणि मुळींच न तोडावयाचें रान असे हे तीन भाग कोणत्याहि कागदावर नसले तरी गांवाला ठाऊक होते.

इंग्रजी अमलांत चित्र पालटलें. कंपनी सरकारला मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यासाठीं साग हवा होता. मलबारांत १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन याची नेमणूक होऊन सागाच्या व्यापाराची मक्तेदारी सुरू झाली. खासगी जमिनींतील सागहि मालकाला मनाप्रमाणें विकतां येईना. तक्रारी वाढत गेल्या, आणि मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या कारकीर्दींत १८२३ सालीं ही व्यवस्था मोडण्यांत आली. झाड मालकाच्या भूमींत वाढावें, पण त्याचें मोल दुसऱ्यानें ठरवावें, हा प्रयोग सतरा वर्षेंच टिकला. त्याचा धडा मात्र मुंबई इलाख्यानें पुरता घेतला नाहीं.

१८४७ हें वर्ष आपल्या विषयांत दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे अरण्यसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हे पूर्वीं दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे अधीक्षक होते. त्याच वर्षीं गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांचा जमीनमोजणी व जमाबंदीविषयींचा संयुक्त अहवाल तयार झाला, आणि दख्खनच्या रयतवारीला त्यानें पक्कें रूप दिलें. पुढल्याच वर्षीं, १८४८ सालीं, साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि हा मुलूख या नव्या पद्धतीखालीं आला.

नव्या पद्धतींत शेतकऱ्याला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड मिळाले आणि आपल्या नंबरांतील झाडांवर पुष्कळ अंशीं हक्कहि मिळाला. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याच्या ४० व्या कलमानें हा हक्क लेखी मान्य केला. पण त्यांत एक अपवाद होता. सरकारनें हुकुमानें, नियमानें किंवा जाहीरनाम्यानें राखून ठेवलेलीं झाडें या सवलतींतून वगळलीं होतीं. साग, शिसव व चंदन हीं मोलाचीं झाडें अशा रीतीनें ठिकठिकाणीं सरकारचीं राहिलीं. याचा परिणाम काय होणार, हें सांगण्यास फार विद्वत्ता नको. जें रोप मोठें झाल्यावर दुसऱ्याचें होणार, त्याला आपल्या बांधावर पाणी कोण घालील? आणि जें झाड स्वतःचें आहे, पण उद्यां राखीव ठरण्याचा संभव आहे, तें आजच तोडण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

याच काळांत जंगलखातें उभें राहत होतें. १८६४ सालीं डीट्रिख ब्रॅन्डिस हे जर्मन शास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटल्यामुळें १८७८ चा दुसरा झाला, आणि राखीव व रक्षित अशा वर्गांत डोंगर विभागले गेले. रेल्वेला स्लीपर हवे होते, इंजिनांना सरपण हवें होतें. शिवाय उघडे पडलेले डोंगर कोणाच्याहि नजरेंत भरण्यासारखे होते. म्हणून रान राखण्याची गरज खोटी नव्हती. पण राखणाऱ्यानें रयतेला विचारलें नाहीं, हें शल्य होतें. सातारा जिल्ह्यांतील कटगुण हें ज्यांच्या घराण्याचें मूळ गांव, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथांत जंगलखात्यानें डोंगर व चराऊ रानें गिळल्याबद्दल कडक तक्रार नोंदविली आहे. ठाणें-कुलाब्याकडील असंतोषामुळें १८८५ सालीं मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावें लागलें. झाडाचा धनी कोण, हाच त्या सर्व वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न होता.

या तक्रारीनें पुढें केवढें रूप घेतलें, तें १९३० सालीं दिसलें. तेव्हांच्या सातारा व आतांच्या सांगली जिल्ह्यांत शिराळ्याजवळ बिळाशी नांवाचें गांव आहे. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षीं तेथील लोकांनीं जंगल-सत्याग्रह पुकारला, जंगलांतील साग तोडून आणला आणि त्यावर राष्ट्रध्वज चढविला. सरकारनें पोलीस बळ पाठविलें, गोळीबार झाला. कऱ्हाड तालुक्यांतील तांबवें येथेंहि त्याच वर्षीं असा सत्याग्रह झाला. मिठाप्रमाणेंच साग हेंहि सत्तेचें चिन्ह झालें होतें. ज्या झाडाला हात लावण्याची बंदी, तेंच झाड निशाणाची काठी म्हणून निवडलें गेलें, यांत कांहीं आश्चर्य नाहीं.

आतां सरकारी रानाकडून पुन्हां मालकी रानाकडे वळूं. तेथें सत्ता होती ती ठेकेदाराची. दुसऱ्या महायुद्धांत, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळांत, पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटारी व ट्रक कोळशाच्या वायूवर चालूं लागले. लांकडी कोळशाला पूर्वीं कधीं नव्हतें तें मोल आलें. कोळशाची भट्टी लावण्याची रीत सोपी असते. लांकडाचे तुकडे रचून त्यांवर पालापाचोळा व माती थापतात, आंत विस्तव घालतात, आणि हवा बेताची ठेवून कित्येक दिवस तें लांकूड धुमसत ठेवतात. साधारणपणें पांच-सहा मण लांकडाचा एक मण कोळसा होतो. म्हणजे ओझें पांचपट कमी होतें, आणि जेथें गाडीरस्ता नाहीं अशा कड्याखालच्या रानांतूनहि माल डोक्यावर किंवा बैलावर बाहेर काढतां येतो. जीं रानें केवळ दुर्गम म्हणून वांचलीं होतीं, तीं या भट्टीनें बाजाराच्या आटोक्यांत आणलीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इमारतीच्या लांकडाला घेर लागतो. म्हणून इमारती लांकूड तोडणारा कोंवळीं झाडें आपोआप मागें ठेवतो. कोळशाला घेराची जरूर नसते. मनगटाएवढी फांदीहि भट्टींत चालते. त्यामुळें कोळशासाठीं उक्तें दिलेलें रान बहुधा सरसकट साफ होतें. मालकानें सारें रान एका रकमेला उक्तें विकलें, कीं ठेकेदाराचा फायदा शक्य तितकें अधिक व शक्य तितकें लवकर तोडण्यांत असतो; पुढील वीस वर्षांशीं त्याचा कांहीं संबंध राहत नाहीं. मालकाच्या हातीं एकदां पैसे येतात, आणि त्याच्या मुलाच्या हातीं उघडी धोंडेमाळ येते.

मग नीट तोड ती कोणती? वनविद्येनें याचें उत्तर फार पूर्वींच दिलें आहे, आणि तें समजण्यास कठीण नाहीं. समजा, एखाद्याचें २० एकर रान आहे. त्याचे २० सारखे भाग पाडावयाचे. यांना जंगलखात्यांत कूप म्हणतात. दरसाल एकच कूप तोडावयाचा. विसावा कूप तुटून वर्ष लोटेल तेव्हां पहिल्या कुपांतील फुटवे २० वर्षांचे झालेले असतात, आणि चक्र पुन्हां सुरू होतें. वासे व सरपण यांना एवढें वय पुरतें. तुळईसाठीं मात्र प्रत्येक कुपांत कांहीं सरळ, निरोगी झाडें दोन-तीन फेरे उभीं ठेवावीं लागतात. त्यांचेंच बीं रानांत पडतें. साग, किंजळ, जांभूळ यांचा बुंधा तोडल्यावर फुटतो, पण तो नीट तोडला असेल तरच. तोड पावसाळा सरल्यानंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वीं करावी. बुंधा जमिनीलगत ठेवावा. काप गुळगुळीत व उतरता असावा, म्हणजे पाणी सांचून बुंधा कुजत नाहीं. आणि साल फाटूं देऊं नये. त्यानंतर चार-पांच वर्षें त्या कुपांत शेळी व गुरें शिरूं देऊं नयेत, नाहींतर कोंवळे फुटवे खुडले जाऊन सारा हिशोब फसतो. ओढ्याच्या कांठचीं व उभ्या चढावरचीं झाडें या हिशोबांत धरूंच नयेत. त्यांचें लांकूड घरांत येण्यापूर्वीं त्यांच्या मुळांनीं धरलेली माती ओढ्यानें खालच्या गांवाला पोंचते.

तोडावयाच्या झाडांवर खूण करण्याचीहि रीत आहे. छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, घेर मोजून नोंद करतात. तेथें एक व बुंध्याशीं एक असे दोन शिक्के हातोड्यानें मारतात. खालचा शिक्का झाड गेल्यावरहि बुंध्यावर राहतो. खूण नसलेला बुंधा दिसला, कीं चोरी कळते. ज्या मालकानें रान उक्तें न देतां मोजलेलीं व शिक्का मारलेलीं झाडेंच विकलीं, त्याचा अर्धा झगडा तेथेंच संपला.

उरलेला अर्धा झगडा मापाचा. गोल लांकडाच्या व्यापारांत घेराच्या चौथाईचें माप चालत आलेलें आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरीनें घेर घ्यावयाचा, त्याची चौथाई करावयाची, चौथाईला चौथाईनें गुणावयाचें आणि मग लांबीनें गुणावयाचें. ४ फूट घेराचा व १० फूट लांबीचा ओंडका या हिशोबानें १० घनफूट भरतो. भूमितीच्या खऱ्या हिशोबानें मात्र तो सुमारें १२·७ घनफूट असतो. म्हणजे एक पंचमांशाहून अधिक लांकूड मापांतच उतरतें. साल व चिरकामांतील नुकसान यांसाठीं ही सूट आहे, असें तिचें समर्थन करतात, आणि दर त्या धोरणानेंच ठरला असेल तर तक्रारीला जागा नाहीं. पण याच मापावर सालीची आणखी एक सूट मागितली, तर एकाच कारणासाठीं दोनदां कापणी झाली. हें गणित चौथीच्या मुलाला करतां येईल. परंतु तें माहीत नसल्यामुळें ज्याला फटका बसतो, त्याच्या नांवें खर्ची पडतीं तीं सत्तर वर्षें.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें मालकी रानाकडे लक्ष वळविलें, तें या बेबंद तोडीमुळेंच. १९२७ च्या जंगल कायद्याचें ३५ वें कलम खासगी रानांतील तोडीवर निर्बंध घालण्यासाठीं होतें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें त्यांत दुरुस्ती करून हें नियंत्रण वाढविलें, आणि पुढील कांहीं वर्षांत खासगी रानांच्या मालकांस नोटिसा निघाल्या. १९६४ सालीं महाराष्ट्रांत वृक्षतोड-नियमनाचा कायदा झाला. साग, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस, खैर, चंदन वगैरे अनुसूचींतील झाडें स्वतःच्या जमिनींत असलीं, तरी वृक्षअधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडूं नयेत, असें त्यानें ठरविलें. हा कायदा नुसता नकाराचा नाहीं. वाळलेलें, रोगट किंवा वाऱ्यानें पडलेलें झाड, तसेंच पूर्ण वाढलेलें पण उभ्या उतारावर नसलेलें झाड, यांच्या तोडीस वाट ठेवलेली आहे. अमात्याच्या जीर्ण वृक्षाची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं, तेव्हां राज्यानें रयतेची संमति मागावयाची होती. आतां रयतेनें राज्याची मागावयाची आहे.

यानंतर आला १९७५ चा महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा. ३० ऑगस्ट १९७५ या दिवशीं राज्यांतील खासगी वनें सरकारच्या मालकीचीं झालीं. जी जमीन त्या दिवशीं कायदेशीरपणें लागवडीखालीं होती, ती कमाल मर्यादेपर्यंत वगळण्यांत आली, आणि पुढील दुरुस्तीनें लहान धारकांस एकूण १२ हेक्टरांपर्यंत जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. कोयना धरण १९६४ सालीं पुरें झालें होतें. वरचे डोंगर उघडे पडले तर गाळ धरणांतच येणार. मोठ्या मालकांचीं रानें ठेकेदारांच्या हातीं कशीं गेलीं, हेंहि लोकांनीं पाहिलें होतें. पण न्यायाच्या दृष्टीनें एक विपरीत गोष्ट घडली. ज्यानें रान तोडून नाचणी पेरली होती, त्याची जमीन त्याच्याकडे राहिली. आणि ज्यानें झाडें उभीं ठेवलीं होतीं, त्याचें रान वन ठरून गेलें. असा धडा एकदां शिकल्यावर खेड्यांतील माणूस तो तीन पिढ्या विसरत नाहीं.

या कायद्याच्या व्याख्येंत, ज्या जमिनीबद्दल पूर्वीं ३५ व्या कलमाखालीं नोटीस निघाली होती, तीहि खासगी वनांत धरली होती. पुष्कळ नोटिसा निघाल्यावर पुढें कांहींच झालें नव्हतें. कित्येक दशकांनंतर त्यांचाच आधार घेण्यांत आला. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, मुंबईतील जमिनींसंबंधींच्या खटल्यांत, नुसती नोटीस काढून वर्षानुवर्षें स्वस्थ बसल्यानें जमीन वन ठरत नाहीं, असा निर्णय दिला. तत्पूर्वीं १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमानें याच न्यायालयानें, मालकी कोणाचीहि असो, शब्दाच्या साध्या अर्थानें जें वन आहे त्याला वनसंरक्षणाचा कायदा लागू आहे, असें सांगितलें होतें. अर्ध्या शतकांत मालकी रानाच्या धन्याला किती निरनिराळीं उत्तरें ऐकावीं लागलीं, हें यावरून दिसेल. झाडाच्या एका आयुष्यांत कायदा चार वेळां पालटला.

कोणी म्हणेल कीं, असें जर आहे तर सर्वच रान सरकारनें राखलेलें बरें. सह्याद्रीच्या माथ्यावर तें बऱ्याच अंशीं झालेंहि आहे. कोयना अभयारण्य १९८५ सालीं झालें, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ सालीं झालें, दोन्ही मिळून २०१० सालीं सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१२ सालीं कास, कोयना व चांदोली यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. हें काम मोठें आहे. पण या रेषेच्या बाहेर, पाटण-जावळीच्या वाड्यांभोवतीं, शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यांत, लहान लहान मालकी रानें अजून आहेत. अभयारण्य व शेत यांच्यामधला तो पदर आहे. तेथें प्रत्येक झाडामागें रक्षक उभा करतां येणार नाहीं. तेथें झाड राहील, तें त्याच्या धन्याला तें राखणें परवडलें तरच.

या बाबतींत एक अलीकडचें उदाहरण बोलकें आहे. १९२७ च्या कायद्यानें बांबूला झाडांत गणलें होतें. त्यामुळें स्वतःच्या बांधावरचा बांबूहि झाडाच्या नियमांत अडके. २०१७ सालीं कायदा बदलून वनाबाहेरील बांबू या व्याख्येंतून काढला गेला. बेटांतील जून काठ्या काढाव्या, कोंवळ्या ठेवाव्या, आणि काढलेला माल उघडपणें बाजारांत न्यावा, हें आतां शेतकऱ्याला करतां येतें. जो काढण्याचा हक्क निर्भयपणें वापरतां येतो, तोच लावण्याची हिंमत देतो.

आरंभींच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आतां देतां येतील. झाड कोणाचें, हें आधीं सातबाऱ्यावर, मोजणीच्या नकाशावर व जुन्या नोटिसांच्या नोंदींत पाहून घ्यावें; ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. कोणतें तोडावें, हें रानांत फिरून, घेर मोजून, शिक्का मारून ठरवावें, आणि काय राखावयाचें हें तोडीच्या आधीं ठरवावें. मोलाचा हिशोब आपल्या दोरीनें व आपल्या वहींत करावा. परवानगीवांचून कुऱ्हाड लावूं नये, आणि वाहतुकीच्या परवान्यावांचून लांकूड रस्त्यावर आणूं नये. हें मालकाचें कर्तव्य झालें.

राज्याचें कर्तव्य रामचंद्रपंत अमात्यानें सांगून ठेवलें आहे. आरमाराची निकड असतांनाहि त्यानें रयतेच्या झाडापुढें राज्याचा हात थांबविला. कारण तें झाड वाढविण्यांत एका माणसाचें आयुष्य गेलेलें असतें, हें तो विसरला नाहीं. आज निकड आरमाराची नाहीं. ती मातीची, पाण्याची व धरणांची आहे, आणि ती खरी आहे. ती भागवितांना ज्यानें झाड राखलें त्याच्या पदरीं तोटा येणार नाहीं, एवढें जरी नियमांनीं सांभाळलें, तरी कोयना-वारणेच्या उतारावरचा एखादा मुलगा आपल्या बापानें ठेवलेल्या ऐनाकडे पाहून कुऱ्हाड आणखी वीस वर्षें भिंतीला टेकवून ठेवील.